न्यूनत्वबोधक

सोमवार, ११ फेब्रुवारी

धाकटे,

सात वर्षांनंतरच्या पत्राचे पहिले वाक्य काय असावे यावर माझे दोन दिवस गेले. एकही वाक्य टिकले नाही, म्हणून ते वगळून दुसऱ्यापासून सुरुवात करते.

गेल्या मंगळवारी तुझ्या मुलाचा फोन आला. त्याचा आवाज आता थेट त्याच्या वडिलांसारखा झाला आहे. तुझे यजमान जाऊन तीन वर्षे झाली हे ठाऊक असूनही मी क्षणभर गोंधळले. तो म्हणाला, "मावशी, आईला बाकी कशाची धास्ती नाही गं. विमानाची नाही, थंडीची नाही. पण इंग्रजीचं नाव काढलं की गप्प होते. एखादं सोपं पुस्तक सुचव ना. आणि मी विचारलं हे तिला कळू देऊ नकोस हं." मी बरे म्हणाले, आणि आता तुला कळवते आहे. दिलेला शब्द मोडणे हा खोटे बोलण्यापेक्षा लहान दोष आहे, असे माझे मत आहे.

१९ मार्चला तू त्याच्याकडे कायमची राहायला जाणार आहेस, हे मला असे ओघात कळले.

या पत्राचा हेतू तुला शोधत बसावे लागू नये, म्हणून आताच सांगते. तू जाण्यापूर्वी मला तुला एकदा भेटायचे आहे. तू नाही म्हणालीस तर मी येणार नाही. माझे सदुसष्ट पूर्ण झाले आहेत, तुझे त्रेसष्ट. तेव्हा ते 'नाही' बहुधा कायमचे ठरेल, इतके लक्षात घेऊन काय ते कळव.

पुस्तक सुचवण्यासारखे एकही नाही. त्याऐवजी माझ्या वर्गातले कागद पाठवते. तुला माहीत नसेल, निवृत्तीनंतर मी ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत सोमवारी आणि गुरुवारी दुपारी चार वाजता इंग्रजी शिकवते. शिकणारे सगळे नोकरीधंद्यातले आहेत. खोलीत एक पत्र्याचे कपाट आहे, त्याचे दार दर दहा मिनिटांनी आपोआप उघडते, आणि कोणीतरी उठून ते लावते. ही पाळी आता ठरलेली आहे. तर्कशास्त्र शिकवण्यात आणि वादविवाद स्पर्धांचे परीक्षण करण्यात माझी जी वर्षे गेली, त्यांत इतकी शिस्तबद्ध पाळी मी पाहिली नाही.

सध्या आम्ही विरोध दाखवणारे शब्द घेतले आहेत. बट, ऑल्दो, हाउएव्हर, डिस्पाइट, व्हेअरॅज. परक्या मुलखात माणसाला नाही म्हणायला, तक्रार करायला आणि हरकत घ्यायला हेच शब्द लागतात. आपल्या माणसांची यात एक चूक ठरलेली असते. वर्गात लिफ्ट दुरुस्त करणारे एक गृहस्थ आहेत. सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणतात. त्यांनी लिहिले, 'ऑल्दो द लिफ्ट इज ओल्ड, बट इट इज वर्किंग.' मी 'बट' खोडले.

"का हो बाई?"

"इंग्रजीत दोहोंपैकी एकच चालतो. ऑल्दो आले की बट येत नाही."

"मग 'जरी'चा 'तरी' कुठे गेला?"

"त्यांना 'तरी' लागत नाही."

"एकच पाय उचलून उभे राहतात म्हणायचे," लिफ्टवाले बाकीच्यांना म्हणाले. "दुसरा टाकतच नाहीत."

वर्ग हसला. मीही हसले असेन. सोबतच्या पहिल्या कागदावर अशी दहा वाक्ये आहेत. प्रत्येकातला एक शब्द तू खोडायचा आहेस.

दुसरा कागद वजनाचा आहे. 'खोली लहान आहे, पण हवेशीर आहे' असे म्हणणारा खोली घेणार. 'खोली हवेशीर आहे, पण लहान आहे' असे म्हणणारा घेणार नाही. माहिती दोन्हीकडे तीच. 'पण'च्या पुढे जे येते, ते बोलणाऱ्याला खरे म्हणायचे असते; मागचे तो केवळ मान्य करून टाकतो.

हे लिहीत असताना त्या दिवसाचा विषय टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. माझ्या निवृत्तीच्या समारंभात मी म्हणाले होते, "माझी धाकटी बहीण शिकली नाही, पण तिने अकरा वर्षे आईला सांभाळले." तू तिसऱ्या रांगेत होतीस. शेजारी तुझी सून होती, तिच्या लग्नाला चार महिने झाले होते, आणि तिच्या पलीकडे तिचे आईवडील. चहा येण्याआधी तू उठून गेलीस. दुसऱ्या दिवशी मी फोन केला तेव्हा तू म्हणालीस, "तुझं वाक्य बरोबर होतं ताई. व्याकरणात कुठे चूक नव्हती." आणि फोन ठेवलास.

वरचा नियम लावून ते वाक्य तू एकदा तपासावेस. 'पण'च्या पुढे तुझी सेवा आहे. वजन तिच्यावर आहे. ती स्तुती होती, आणि सभागृहातल्या प्रत्येकाने ती स्तुती म्हणूनच ऐकली. जे मागे होते, ते केवळ मान्य केलेले होते.

तिसऱ्या कागदावर गाळलेले शब्द भरायचे आहेत. कागद सोडवून परत पाठवलेस तर तपासून देईन.

ताई


शनिवार, २३ फेब्रुवारी

धाकटे,

बारा दिवस झाले, उत्तर नाही. पत्र पोचल्याचे तुझ्या मुलाकडून कळले आहे, तेव्हा टपाल खात्याला दोष देता येत नाही.

गुरुवारी वर्गात एक गोष्ट घडली. ती तुला सांगितल्याशिवाय पुढचे लिहिता येणार नाही.

एक परिचारिका येतात. रुग्णालयातले सगळे म्हणतात तसे आम्हीही त्यांना सिस्टर म्हणतो. त्या कायम रात्रपाळीला असतात. दुपारची झोप मोडून वर्गाला येतात आणि पहिली दहा मिनिटे पापण्या उघड्या ठेवण्यासाठी पेनाने तळहातावर रेघा ओढत बसतात. मी फळ्यावर लिहिले होते: 'बट वापरून स्वतःविषयी एक खरे वाक्य लिहा.' त्यांनी लिहिले, 'आय डू नाइट ड्यूटी, बट माय डॉटर इज स्टडिंग मेडिसिन.'

मी ते सर्वांना वाचून दाखवले. "उत्तम," मी म्हणाले. "अलीकडे कष्ट, पलीकडे यश. विरोध स्पष्ट आहे, आणि वजन योग्य ठिकाणी पडले आहे."

सिस्टर जरा अवघडल्या. म्हणाल्या, "बाई, खरं सांगू का? तो बट तुमच्यासाठी घातलाय."

"म्हणजे?"

"तुम्ही फळ्यावर लिहिलंत, बट वापरा. म्हणून वापरला. नाहीतर विरोध कुठंय त्यात? माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्यात. दिवसा त्यांच्यापाशी मी असते म्हणून पोरगी कॉलेजला जाते. आणि दिवसा घरी असता यावं म्हणून मी नाइट मागून घेतली. ती शिकतेय ती त्याच्यामुळंच. तिथं बट कसला?"

लिफ्टवाले म्हणाले, "बाई, पैकीच्या पैकी देऊन टाका. उद्या इंजेक्शन यांच्याच हातचं घ्यायचंय."

मी गुण दिले. पुढचे वाक्य घेतले. कपाटाचे दार दोनदा उघडले आणि दोन्ही वेळा पाळी माझी नसताना मीच उठून ते लावले. वर्ग सुटल्यावर ग्रंथपाल कुलूप घेऊन वर आल्या, तेव्हा मी फळ्यासमोर बसून होते.

मराठी व्याकरण 'पण' या शब्दाला न्यूनत्वबोधक अव्यय म्हणते. उणीव दाखवणारे. ही संज्ञा मी दहाव्या वर्षी पाठ केली आणि नंतर सत्तावन्न वर्षे तिचा अर्थ लावला नाही. एका बाजूला उणे आहे आणि दुसरी बाजू ते भरून काढते, असा तो शब्द आहे. 'बहीण शिकली नाही, पण' इतके उच्चारताच तुझ्यात एक उणीव आहे असे मी तीनशे लोकांना सांगून टाकले होते. पुढे मी कितीही वजन टाकले असते तरी ते त्या उणिवेची भरपाई म्हणूनच पडले असते. मागच्या पत्रात मी तुला नियम शिकवला. नियम बरोबर आहे. तो लावण्याआधी त्या जागी तो शब्द मुळात बसतो का, हे पाहावे लागते, आणि ते मी पाहिले नाही. विद्यार्थ्याने हे केले असते तर मी त्याला नापास केले असते.

वाक्य असे हवे होते: 'तिने अकरा वर्षे आईला सांभाळले, म्हणून ती शिकली नाही.'

आणि तेही अर्धेच आहे. उरलेले अर्धे असे: 'तिने आईला सांभाळले, म्हणून मी शिकले.'

तार वसतिगृहावर आली तेव्हा माझे एम. ए.चे दुसरे वर्ष चालू होते. मी पोचले. आईची उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली. मी चार दिवस राहिले. चार दिवसांत मी डॉक्टरांशी बोलले, औषधांचा तक्ता करून भिंतीला लावला, आणि तो तक्ता फार व्यवस्थित आहे असे सगळे म्हणाले. आईला कुशीवर वळवायला मात्र तूच शिकलीस. पाचव्या दिवशी सकाळी मी निघाले तेव्हा तू दारात होतीस, हातात ओले टॉवेल. तू विचारलेस, "ताई, परत कधी येशील?" मी म्हणाले, "परीक्षा झाली की." तू तेव्हा एकोणीस वर्षांची होतीस आणि तुझीही परीक्षा त्याच महिन्यात होती. हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहिते आहे.

परीक्षा झाल्यावर मी आले होते, दहा दिवसांसाठी.

भेटीची विनंती पुन्हा करते. मागच्या पत्रात ती अटीसारखी वाटली असेल. तशी ती नव्हती.

ताई


बुधवार, ६ मार्च

धाकटे,

तुझे कार्ड परवा दुपारी मिळाले. ते इतके लहान आहे की मला पाठ झाले आहे. 'ताई, कागद सोडवले. तिसऱ्यावरच्या सातव्या वाक्यात व्हेअरॅजही चालतो, तू एकच उत्तर बरोबर धरलं आहेस. बाकी, आधी तू "पण" घातलास, आता "म्हणून" घालते आहेस. माझ्या दोन गोष्टींमध्ये कोणता शब्द बसवायचा ते दर वेळी तूच का ठरवतेस? आधी मी अडाणी होते, आता बिचारी झाले. गुरुवारी १४ ला सामान भरायला काढते आहे. यायचं तर ये. भाषण नको.'

सातव्या वाक्याचे तू म्हणतेस ते खरे आहे. वर्गात दुरुस्ती सांगितली. लिफ्टवाल्यांनी विचारले, "कोणी काढली हो चूक?" मी म्हणाले, "माझ्या बहिणीने." ते म्हणाले, "त्यांनाच आणा की शिकवायला." सिस्टर त्यांना दटावून म्हणाल्या, "गप बसा."

मी गुरुवारी येते. त्या दिवशीचा वर्ग रद्द केला आहे. सहा वर्षांतला हा पहिलाच.

परंतु तू भाषण नको म्हणालीस, म्हणून जे तोंडाने सांगायला गेले तर भाषण होईल, ते आधी लिहून पाठवणे भाग आहे. मागच्या पत्रात मी चार दिवसांपाशी थांबले. थांबण्यात सोय होती. चार दिवसांचा दोष तेविसाव्या वर्षी घडलेला असतो, आणि तेविसाव्या वर्षाला लोक बरेच माफ करतात. तू मला पुढे एक पत्र लिहिले होतेस, हे मी गाळले.

आईला अंथरुणावर पडून दोन वर्षे झाली होती. मला व्याख्यात्याची नोकरी लागून तीन महिने. तू लिहिलेस की कॉलेज तुला पुन्हा दाखल करून घ्यायला तयार आहे, मी एक वर्ष रजा घेऊन घरी आले तर तुझे पदवीचे शेवटचे वर्ष होईल, आणि नंतर तू पुन्हा आईकडे बघशील. एवढेच. पाऊण पान.

मी उलटटपाली अडीच पाने लिहिली. क्रमांक घालून. सात मुद्दे होते. नव्या नोकरीत रजा मागणे कसे घातक, काळजी घेणारे माणूस बदलणे रुग्णाला कसे अपायकारक, तुझी पदवी एक-दोन वर्षे पुढे गेल्याने काय बिघडते, असे एकेक. मला तो युक्तिवाद इतका निर्दोष वाटला की पुढे वर्गात, कुटुंबाचा उल्लेख टाळून, मी त्याची मांडणी नमुना म्हणून फळ्यावर लिहीत असे. हे मी कोणालाही सांगितलेले नाही. तू त्यानंतर तो विषय कधी काढला नाहीस. मी समजले की तुला पटले.

आणखी एक आहे, आणि हे लिहायला मला सात मुद्द्यांपेक्षा जड जाते आहे. 'बहीण शिकली नाही' असे मी म्हणाले, 'बहीण शिकू शकली नाही' असे म्हणायला हवे होते, हे सगळे ठीक. तू काय शिकत होतीस हे मला आठवत नाही. काल रात्रीपासून आठवायचा प्रयत्न करते आहे. तुझ्या हातात कोणती पुस्तके असत, तू कोणत्या शिक्षकांबद्दल बोलत असायचीस, काहीच येत नाही. मला माझ्या त्या वर्षीच्या नऊही प्रश्नपत्रिका आठवतात.

गुरुवारी दहा वाजता येते.

ताई


रविवार, २४ मार्च

धाकटे,

हे पत्र तुझ्या नव्या पत्त्यावरचे पहिलेच. घरक्रमांक तुझ्या मुलाने दोनदा वाचून दाखवला, तेव्हा पोचेल असे धरते.

१४ तारखेला तुझ्या घरून परतल्यावर मी जे घडले ते टिपून ठेवले, कारण माझ्या स्मरणशक्तीवर माझा पूर्वीइतका विश्वास उरलेला नाही. ते तुला पाठवते. कुठे चुकले असेल तर तू दुरुस्त कर.

दार तू उघडलेस. तुझे केस पूर्ण पांढरे झाले आहेत. तू म्हणालीस, "चप्पल आत आण, जिन्यातून जाते कधीकधी." खोलीत दोन बॅगा उघड्या होत्या आणि पलंगभर कपडे. तू माझ्या हातात तो टांगून वजन करायचा काटा दिलास. "तेवीस किलोच्या वर जाऊ द्यायचं नाही. तू आकडा वाच, मी काढते-घालते."

मी आकडे वाचले. पंचवीस. साडेचोवीस. तू एक जाड शाल काढलीस, पुन्हा घातलीस, एक भांडे काढलेस. अर्धा तास आपण किलोखेरीज कशाविषयीही बोललो नाही, आणि मला ते बरे वाटत होते हे मान्य करते.

मग तू बॅगेची चेन ओढत, माझ्याकडे न बघता म्हणालीस, "गणित."

मला कळले नाही.

"विचारलं होतंस ना पत्रात. काय शिकत होते. गणित."

मी काटा खाली ठेवला.

"तू एम. ए.च्या पहिल्या वर्षी सुटीत घरी आलीस तेव्हा दिवाणखान्यात बसून रडत होतीस, तर्कशास्त्राचे ते तक्ते जमेनात म्हणून. खरं, खोटं, खरं, खोटं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. तुला दोन दुपारी बसून मीच समजावलं होतं. आठवत नाही?"

"नाही."

"नसेल. जमायला लागल्यावर तू मला खोलीतून जायला सांगितलंस. माझ्या बडबडीने लक्ष लागत नाही म्हणून." तू हसलीस. खरेच हसलीस, तुला वाईट वाटल्याचे दिसले नाही.

मी म्हणाले, "त्या सात मुद्द्यांबद्दल—"

"तिसरा चुकला होता."

"कोणता?"

"आईच्या प्रकृतीत वर्षभरात सुधारणा होण्याचा संभव नाही, तेव्हा माणूस बदलून काही साधणार नाही. असा होता तो. मी तेव्हाच पेन्सिलीने खूण केली होती. अगं, सुधारणा आईत कशाला व्हायला हवी होती? वर्ष मला हवं होतं. जे मागितलंच नव्हतं, ते मिळणार नाही असं सिद्ध केलंस तू."

"मग तसे लिहिले का नाहीस मला?"

"लिहून काय झालं असतं? तू आठवा मुद्दा काढला असतास."

तू दुसरी बॅग काट्याला अडकवलीस आणि भुवईने खुणावलेस, तेव्हा मी आकडा वाचला. बावीस. तू ते भांडे पुन्हा आत ठेवलेस.

मी विचारले, "मग खरे कारण काय होते? माझे पत्र?"

"तुला अजून कारणच हवंय," तू म्हणालीस. "ऐक. तुझ्या पत्राचा राग आला, हे खरं. आई होती, हे खरं. आणि तिसरं म्हणजे, तोपर्यंत मला सगळं विसरायला झालं होतं. पुस्तक उघडलं की भीती वाटायची, आणि तू नाही म्हणालीस तेव्हा आतून थोडं सुटल्यासारखंही वाटलं. तेही खरं. ते मी यांनासुद्धा कधी सांगितलं नाही. तुझं 'म्हणून' आलं ना त्या दुसऱ्या पत्रात, त्यात माझं हे तिसरं कुठे बसतच नाही. तुझ्या वाक्यात मी नुसती बसलेय आईच्या उशाशी आणि तू पुढे चाललीयेस. अकरा वर्षं मी काय नुसती बसले होते का गं? आई मला खुणांनी हसवायची. डाव्या हाताने नकला करायची सगळ्यांच्या. तुझी तर फार छान करायची."

"माझी?"

तू डावे बोट वर करून, हनुवटी उचलून, एक-दोन-तीन असे हवेत मुद्दे मोजून दाखवलेस. आई करायची तसे. मी ते पहिल्यांदा पाहिले. ती अकरा वर्षे जगत होती आणि विनोद करत होती, आणि मी तिच्याबद्दल नेहमी 'अंथरुणाला खिळलेली' एवढेच म्हणत आले.

मी माफी मागितली. ती नेमकी कशाची, याची यादी मी करून आणली होती. पिशवीत कागद होता. मी तो काढला नाही. "मला माफ कर," इतकेच म्हणाले, आणि ते वाक्य इतके अपुरे वाटले की पुढे काही जोडावे म्हणून मी तोंड उघडले.

"पुरे," तू म्हणालीस. "भाषण नको म्हटलं होतं ना."

तू चहा केलास. चहा पिताना तू मला सुनेबद्दल सांगितलेस. त्या समारंभानंतर घरी जाताना तिने गाडीत तुला विचारले होते, "आई, तुम्ही किती शिकलात?" तू उत्तर दिले नाहीस, आणि तिने पुन्हा कधी विचारले नाही. सात वर्षे त्या घरात तो प्रश्न तसाच आहे. आता तू तिच्याच घरी राहायला जाते आहेस. मी म्हणाले, मी तिला लिहून सगळे सांगते. तू म्हणालीस, "तू काही लिहू नकोस. मी सांगेन. माझं मला सांगता येतं." मी तिला लिहिलेले नाही.

मी निघाले तेव्हा बारा वाजून गेले होते. जिन्याच्या दारापर्यंत तू आलीस. १९ तारखेला विमानतळावर येऊ का, असे मी विचारले. तू नको म्हणालीस. तिथे तुझ्या नणंदेकडची माणसे असतील, आणि तुला निघताना शांत राहायचे आहे. ते योग्यच होते. मी आले नाही. त्या दिवशी मंगळवार होता. वर्ग नव्हता, आणि तरीही मी चार वाजता ग्रंथालयात जाऊन बसले.

दारात तू माझ्या खांद्यावरची पिशवी सरळ केलीस. म्हणालीस, "माझा राग गेलेला नाही, ताई. आणि तिकडे गेल्यावर मला तुझी आठवण येणार आहे."

अशा दोन वाक्यांमध्ये कोणता शब्द येतो, हे मी आयुष्यभर शिकवले आहे. मी वाट पाहत थांबले, तू तो शब्द बदलशील म्हणून.

"दोन्ही खरं आहे," तू म्हणालीस. "तुझ्याच त्या तक्त्यात बघ. दोन्ही खरं असलं की 'आणि'च लागतो."

मी चूक काढली नाही. जिना उतरले.

ताई